स्पेअर मिळतो का, ते आधी विचारा

भोसरी एमआयडीसीतल्या कोणत्याही बऱ्या कारखान्यात नवं यंत्र घ्यायचं ठरलं, की मेंटेनन्स खात्यातला माणूस आधी विचारतो की याचे स्पेअर कुठे मिळतात, यायला किती दिवस लागतात आणि यंत्र उघडून परत बसवायला किती वेळ जातो. वेग, ताकद, रंगरूप हे सगळं नंतर. हाच माणूस शिफ्ट संपवून मॅगझिन चौकातून दिघीत घरी येतो, सोफ्यावर लॅब्राडोरच्या केसांचा थर बघतो, मोबाइलवर ‘सोळाशे वॅट, निम्म्या किमतीत’ अशी जाहिरात दिसली की व्हॅक्यूम क्लीनर मागवून मोकळा होतो. कारखान्यात ज्या प्रश्नांशिवाय कागदावर सही होत नाही, ते घरच्या खरेदीत कुणाला आठवत नाहीत. कुत्रा किंवा मांजर असलेल्या घरासाठी टिकाऊ व्हॅक्यूम निवडायचा, तर तो मेंटेनन्सवाल्याच्या नजरेनेच निवडायला हवा, असं माझं मत आहे. कारण अशा घरात व्हॅक्यूम आठवड्यातून एकदा बाहेर काढायची चैनीची वस्तू राहत नाही. ते रोज चालणारं यंत्र होतं, आणि रोज चालणारं यंत्र कधी ना कधी बिघडणारच, हे या पट्ट्यात कुणाला समजावून सांगायला नको.

केस हा कचऱ्यातला नतद्रष्ट प्रकार आहे. धूळ, वाळू, बिस्किटाचा चुरा नळीतून जातो आणि डब्यात पडतो. केस मात्र वाटेत जे काही फिरत असेल त्याला गुंडाळत जातो. फिरत्या ब्रशचा रोलर उलटा करून पाहिला तर मधल्या भागावरचे केस लगेच दिसतात; ते कात्रीने कापून काढले की संपलं. खरा घात होतो तो रोलरच्या दोन टोकांना. रोलर जिथे बेअरिंगवर किंवा प्लास्टिकच्या बुशवर फिरतो, तिथल्या फटीत केस सरकत जातात, दाबले जातात आणि त्यांची घट्ट चकती बसते. मग रोलर जड होतो, त्याला फिरवणारा पट्टा घसरू लागतो, रबर जळाल्याचा वास येतो. पुढे पट्टा तुटतो किंवा बुश वितळतं. मोटार अजून ठणठणीत असते, पण घरात ‘व्हॅक्यूम बिघडला’ असं जाहीर होतं आणि यंत्र माळ्यावर जातं. म्हणून दुकानात पहिली तपासणी हीच: ब्रशचं टोक स्क्रू-ड्रायव्हरशिवाय, निदान एका स्क्रूने, उघडतं का? रोलर पूर्ण बाहेर येतो का? पट्टा हाताने बदलता येतो का? ब्रशचं तोंड कायमचं चिकटवलेलं असेल, तर ते मॉडेल कितीही देखणं असलं तरी केसांच्या घरात त्याचे दिवस भरलेले असतात.

दुसरा भार फिल्टरवर येतो. चऱ्होली, मोशी, डुडुळगावच्या बाजूला वर्षानुवर्षं इमारती उठताहेत आणि त्यांची सिमेंटची बारीक धूळ खिडकीच्या जाळीतून घरात येते. ती धूळ, प्राण्याच्या अंगावरचा कोंडा आणि मऊ अंतर्लोकर असं तिन्ही एकत्र आलं की फिल्टरवर नमद्यासारखा थर बसतो. फाउंड्रीत किंवा ग्राइंडिंग शॉपमध्ये काम केलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचं आहे. तिथल्या डस्ट कलेक्टरमध्ये आधी सायक्लोन असतो, तो जाड धूळ गरगर फिरवून खाली पाडतो. उरलेली बारीक धूळ बॅग फिल्टर पकडतो. जेम्स डायसन यांना बिनपिशवीच्या व्हॅक्यूमची कल्पना लाकूड गिरणीवरचा असाच सायक्लोन बघून सुचली. ५,१२७ नमुने करून झाल्यावर त्यांचं तंत्र जमलं आणि १९९३ मध्ये त्यांच्या स्वतःच्या नावाचं यंत्र बाजारात आलं. कारखान्याच्या छपरावरचं तंत्र घरात आलं ते असं. पण फिल्टर झटकायचं वेळापत्रक काही त्याच्याबरोबर आलं नाही. फिल्टर चोक झाला की सक्शन पडतं, एवढ्यावर भागत नाही. बहुतेक कोरड्या व्हॅक्यूममध्ये आत ओढलेली हवाच पुढे मोटार थंड करते. हवा कमी झाली की मोटार तापते, थर्मल कट-आउट यंत्र बंद पाडतो आणि वापरणारा ‘मोटार गेली’ म्हणून हात टेकतो.

फिल्टरबद्दल आणखी एक गोष्ट, विशेषतः घरात दम्याचा किंवा ॲलर्जीचा माणूस असेल तर. मांजराच्या ॲलर्जीला आपण केसांना दोष देतो. पण तिचं मुख्य कारण असलेलं प्रथिन मांजराच्या लाळेत आणि त्वचेच्या ग्रंथींत तयार होतं. ते अतिबारीक कणांवर बसून तासन्‌तास हवेत तरंगतं. म्हणजे डोळ्यांना दिसणारे केस उचलून घेणारं, पण मागच्या झडपेतून बारीक कण परत खोलीत सोडणारं यंत्र त्या माणसाचा त्रास वाढवूच शकतं. खऱ्या हेपा फिल्टरची अमेरिकी कसोटी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवण्याची आहे. खोक्यावरचे ‘हेपा टाइप’, ‘हेपासारखा’ असले शब्द ती कसोटी पाळण्याचं बंधन घेत नाहीत. शिवाय फिल्टर खरा असून भागत नाही, त्याच्या कडेचं रबरी सील नीट बसायला हवं. हवा फटीतून निसटत असेल तर आत कोणता फिल्टर बसवलाय याला अर्थ नाही.

एवढं सगळं असताना विक्री मात्र वॅटवर होते. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खातं त्याचा आकडा. ते केर किती उचलतं, हे त्यातून कळत नाही. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०१४ पासून घरगुती व्हॅक्यूमवर १६०० वॅटची आणि २०१७ पासून ९०० वॅटची कमाल मर्यादा घातली. युरोपातली घरं काही त्यामुळे केरात बुडाली नाहीत. कंपन्यांनी पंखा, नळी आणि ब्रशचं तोंड सुधारलं. त्याच सुमारास तिथे ऊर्जा-लेबलही आलं आणि पुढे ते न्यायालयात पडलं. त्याचं कारण आपल्या विषयाला अगदी चपखल लागू पडतं: लेबलसाठीची चाचणी रिकाम्या पिशवीवर, रिकाम्या डब्यावर होत होती. डायसनच्या दाव्यावर २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये संघाच्या जनरल कोर्टाने ते लेबल रद्द केलं. डबा अर्धा भरल्यावर, फिल्टरवर थर बसल्यावर यंत्र कसं चालतं, हे रिकाम्या डब्याचा आकडा सांगत नाही. कुत्र्याच्या घरातला डबा तर दिवाणखाना संपायच्या आत भरतो. जास्त वॅटची एक अडचण आपल्या घरात आणखी आहे. ६ अँपिअरचा साधा सॉकेट २३० व्होल्टवर १३८० वॅटपर्यंतच पुरतो. त्यापुढचं यंत्र १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवर लावायला हवं, आणि तो बहुतेक फ्लॅटमध्ये गिझर, फ्रिज किंवा एसीजवळ असतो. मग एक्स्टेंशन बोर्ड येतो, तो तापतो, प्लग काळा पडतो. घर लहान असेल तर हजार-बाराशे वॅटचं, लांब वायरचं यंत्र जास्त कामाचं.

टिकाऊपणाचं माप कुठे मिळतं? पुन्हा युरोपचाच नियम बघण्यासारखा आहे, कारण त्यात मोघम ‘मजबूत’ वगैरे शब्द नाहीत. मोटार किमान ५०० तास चालली पाहिजे आणि नळी ४०,००० वेळा वाकवल्यानंतरही वापरण्याजोगी राहिली पाहिजे, असं तो सांगतो. या पाचशे तासांचा हिशेब मांडून बघा. प्राणी नसलेल्या घरात आठवड्यातून एकदा २० मिनिटं यंत्र चाललं, तर हे तास पंचवीस वर्षांतही संपत नाहीत. केसांच्या घरात रोज २० मिनिटं चाललं, तर १५०० दिवसांत, म्हणजे चार वर्षं आणि वर थोड्या दिवसांत, संपतात. यंत्र तेच, वापर सातपट. म्हणून ‘आमच्याकडे दहा वर्षं झाली, काही झालं नाही’ ही शेजाऱ्याची शिफारस, किंवा खरेदीनंतर आठवड्याभरात दिलेले पाच तारे, यांवर कुत्रा पाळणाऱ्याने विसंबू नये. शेजाऱ्याकडे कुत्रा आहे का, हे आधी विचारावं.

वायरवाल्या बहुतेक घरगुती व्हॅक्यूममध्ये मिक्सरमध्ये आणि हँड ड्रिलमध्ये असते त्याच जातीची मोटार असते. तिच्यातले कार्बन ब्रश झिजतात. ते झिजण्यासाठीच बनवलेले असतात. मोटारीतून ठिणग्या दिसू लागल्या, आवाज बदलला, की बऱ्याचदा एवढाच सुटा भाग बदलायचा असतो. भोसरीत ड्रिल, ग्राइंडर दुरुस्त करणारी, मोटार रिवाइंडिंगची दुकानं आहेत आणि मापाचा कार्बन जुळवून देणं हे त्यांचं नेहमीचं काम. अख्ख्या जगाच्या गाड्यांसाठी सुटे भाग घडवणाऱ्या या पट्ट्यात, एक रबरी पट्टा मिळत नाही म्हणून चालू मोटारीचं यंत्र भंगारात जावं, याचा राग यायला हवा. दोष पट्ट्याचा नसतोच. प्रत्येक कंपनी, कित्येकदा प्रत्येक मॉडेल, आपला वेगळा पट्टा, वेगळी नळी, वेगळी पिशवी ठेवते आणि दोन-तीन वर्षांत मॉडेलच बंद करते. म्हणून बाजारात नुकत्याच आलेल्या मॉडेलपेक्षा तीन-चार वर्षं तसंच विकलं जाणारं, जरा जुनाट दिसणारं मॉडेल मला जास्त भरवशाचं वाटतं.

परदेशी याद्या बघून यंत्र निवडणाऱ्यांनी आपल्या पायाखाली बघावं. तिथल्या ‘पेट’ मॉडेलांची सगळी रचना भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या गालिच्यासाठी आहे: ताठ केसांचा, जोरात फिरणारा रोलर गालिच्यात रुतलेले केस उपटून काढतो. दिघीतल्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. टाइल्सवर तोच ताठ रोलर केसांचे पुंजके पुढे उडवतो आणि ते सोफ्याखाली जातात. आपल्याकडे केस रुततात ते सोफ्याच्या कापडात, गादीत, सतरंजीत, दाराच्या पायपुसण्यात आणि गाडीच्या मागच्या सीटवर. तेव्हा आपल्याला हवं ते गादी-सोफ्यासाठीचं छोटं फिरतं तोंड, फरशीसाठी मऊ रोलर किंवा नुसतं सपाट तोंड, आणि पलंगाखाली जाईल अशी चपटी मान. एवढं मिळालं की ‘पेट’ शब्दासाठी वेगळे पैसे मोजायचं कारण नाही. आणि हो, सोफ्यावरचे केस रबरी हातमोजा जरा ओला करून पुसले तरी गोळा होतात. ते आधी करावं, मग व्हॅक्यूम. यंत्राचं आयुष्य वाढतं.

पावसाळ्याचा विचार तर जाहिरातीत कधीच नसतो. ‘धुता येणारा फिल्टर’ हा मोठा गुण म्हणून सांगितला जातो आणि माहितीपुस्तिकेत बहुधा २४ तास वाळवा असं लिहिलेलं असतं. ज्येष्ठाच्या अखेरीस, माउलींची पालखी आळंदीहून दिघीवरून पुण्याकडे निघते त्या दिवसांत, बाल्कनीत टांगलेला फिल्टर दोन-दोन दिवस ओलसर राहतो. घरात केस तर साचत असतात. मग तो तसाच दमट बसवला जातो. ओल्या फिल्टरवर धुळीचा चिखल होतो, कुबट वास सुटतो आणि ओलावा मोटारीपर्यंत पोचतो. उपाय साधा आहे: यंत्राबरोबरच दुसरा फिल्टर विकत घ्यायचा आणि पाळीपाळीने वापरायचा. दुसरा फिल्टर सुटा मिळत नसेल, तर ‘धुता येतो’ या गुणाचा जून ते सप्टेंबर काही उपयोग नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो घरातूनच: मावशी रोज झाडून-पुसून जातात, मग हे थेर कशाला? आक्षेप पोकळ नाही. टाइल्सवरचे केस उचलायला मऊ झाडू किंवा रबरी वायपर बहुतेक यंत्रांइतकाच चांगला आहे, आणि ज्याच्याकडे आखूड केसांचा देशी कुत्रा आहे, सोफा लाकडी आहे, गाद्या उन्हात पडतात, त्याने व्हॅक्यूम न घेतला तरी चालेल. पण झाडू बारीक धूळ हवेत उडवतो, गादीत शिरत नाही, आणि झाडणाऱ्या बाईच्या नाकातोंडात तो कोंडा जातो याचा हिशेब आपण मांडत नाही. पिसवांच्या बाबतीत तर पुरावाच आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं, की व्हॅक्यूममधून ओढल्या गेलेल्या प्रौढ पिसवांपैकी ९६ टक्के मरतात, आणि अळ्या-कोष तर सगळेच. झाडूने हे साधत नाही. शिवाय केस घरात पडायच्या आधीच कुत्र्याला बाल्कनीत रोज विंचरलं, तर दोन्हींचं काम कमी होतं. यंत्र घेतलं म्हणून कंगवा फेकायचा नसतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वायरवालं यंत्र माळ्यावरून काढायचं, प्लग शोधायचा, ओढत फिरवायचं, म्हणून ते वापरलंच जात नाही. हातातला कॉर्डलेस भिंतीवर टांगलेला असतो, दोन मिनिटांत काम होतं. जे यंत्र वापरलं जातं तेच चांगलं, हे खरंच आहे. पण कॉर्डलेसचा टिकाऊपणा त्याच्या लिथियम बॅटरीइतकाच. रोज चार्ज होणारी बॅटरी काही शे फेऱ्यांनंतर उतरणीला लागते आणि उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या खोलीत चार्जिंगला लावली तर आणखी लवकर. त्यामुळे इथे एकच अट: बॅटरी खटका दाबून बाहेर निघणारी आणि सुटी विकत मिळणारी हवी. आतमध्ये सोल्डर करून बसवलेली असेल तर यंत्राचं आयुष्य तेवढंच धरून किंमत ठरवा.

रोबोबद्दल मी कमी उदार आहे. टाइल्सवर रोजचे केस तो बरे उचलतो. पण पिल्लू असलेल्या घरात तो शी पसरवत साऱ्या घरभर फिरतो, हा धोका इतका खरा आहे की आयरोबोट कंपनीला २०२१ मध्ये कुत्र्याची शी ओळखून टाळणारं मॉडेल काढावं लागलं आणि चूक झाली तर यंत्र बदलून देण्याची हमी द्यावी लागली. त्याहून मोठी अडचण ॲपची. निआटो ही रोबो-व्हॅक्यूम बनवणारी कंपनी २०२३ मध्ये बंद झाली. तिची क्लाउड सेवा पाच वर्षं चालू ठेवू, असं तिच्या मालक कंपनीने सांगितलं होतं, आणि २०२५ मध्येच ती गुंडाळायला घेतली. चाकं, ब्रश, मोटार ठीक आणि कुठल्याशा देशातला सर्व्हर बंद, हे बिघाड कोणत्याही रिवाइंडिंगवाल्याला दुरुस्त होणारे नाहीत.

‘मग सरळ महागातलं नामांकित घ्या’ हा शेवटचा सल्ला. नाव आणि सेवा एकच नसतात. आपल्याकडे व्हॅक्यूम घरोघरी पोचला तो १९८२ मध्ये टाटा समूह आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या युरेका फोर्ब्सच्या विक्रेत्यांमुळे; टाय लावलेला तरुण दारात येऊन गादीतली धूळ काढून दाखवायचा. त्या विक्रीतली खरी ताकद अशी, की यंत्र विकणारा माणूस पुन्हा भेटण्याची शक्यता होती. ऑनलाइन खरेदीत तो दुवा तुटला. दहा वर्षांची वॉरंटी असं ठळक छापलेलं असतं, आणि खाली बारीक अक्षरांत ती फक्त मोटारीची. नळी, ब्रश, पट्टा, फिल्टर, बॅटरी, म्हणजे केसांमुळे जे जे जातं ते सगळं, वगळलेलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती टिकाऊ वस्तूंचाही समावेश आहे. पण कंपन्यांवर मोटारीच्या तासांची, स्पेअर किती वर्षं ठेवायचे याची सक्ती झाल्याशिवाय पोर्टल ही माहितीची पाटीच राहते. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ज्या पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली, तिथून ही मागणी जोरात यायला हरकत नाही.

तोवर ग्राहकाच्या हातात एक चाचणी आहे. दुकानात मॉडेल पसंत पडलं, की त्याचा एक जादा फिल्टर आणि ब्रशचा पट्टा त्याच बिलात लावायला सांगायचा. ऑनलाइन असेल तर यंत्राआधी हे दोन जिन्नस कार्टमध्ये टाकून बघायचे. ‘लागला की मागवून देऊ’ असं उत्तर आलं, तर पुढचं मॉडेल बघायला लागावं.